प्रश्न गमतीचा नव्हता

"पाठवणं कुणालाही येतं, ताई. घेता आलं पाहिजे."

असं म्हणताना ते हातातली पेन्सिल उभी धरायचे. पेन्सिल उभी म्हणजे समोरच्यानं गप्प राहायचं. खिडकीशी आडतदुकानाचा मुनीम असो, फौजदार असो की घाईत असलेला पुढारी, यंत्र वाजायला लागलं की पेन्सिल उभी राहायची. संदेश उतरवून झाला की ती आडवी व्हायची. "हं, बोला आता."

जळगावच्या तारघरात ते तारमास्तर होते. तुमच्याही गावात असा एक माणूस असेल, ज्याच्याकडे सगळं गाव कामापुरतं जातं आणि ज्याचा चेहरा कुणालाच धड आठवत नाही. त्यांचं नाव मी इथे देत नाही. मला द्यायचं होतं, मोठ्या अक्षरांत द्यायचं होतं. त्यांच्या पत्नीनं नको म्हटलं. "जित्ता व्हतात तवय कोनी इचारं नही. आते काबरं?" जिवंतपणी कुणी विचारलं नाही, आता कशाला? म्हणून नाव नाही. राग मात्र आहे, आणि तो मी कुणाच्या सांगण्यावरून खोडणार नाही.

आमची ओळख निषेधामुळे झाली. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. आम्ही कॉलेजातली दहाबारा पोरं-पोरी आठवड्याला एक तरी निषेध करत होतो, आणि निषेध म्हणजे मंत्र्याला तार. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील छापखान्यात प्रूफं तपासायचे. पत्रकांची कोरी पाठ हीच माझी पाटी. विशेषण हे शस्त्र आहे असा माझा पक्का समज होता.

"'तीव्र' काढा," त्यांनी माझा पहिला फॉर्म वाचून सांगितलं.

"का म्हणून?"

"निषेध सौम्य असतो का?"

मी 'तीव्र' खोडलं.

"'आम्ही सर्व कार्यकर्ते' काढा. खाली सही आहे ना तुमची?"

"मास्तर, मग उरलं काय?"

"उरलं तेवढंच पोचतं, ताई."

मला तेव्हा वाटलं, हा सरकारी माणूस आमची धार बोथट करतोय. पण घरी जाऊन मी तो मजकूर पुन्हा वाचला. त्यात चार शब्द होते आणि ते चारही थोबाडीत मारल्यासारखे होते. पुढच्या निषेधाला मी मुद्दाम त्यांच्याच खिडकीशी गेले.

यंत्र म्हणजे काय, तर पितळेची एक छोटी दांडी. तारेतून वीज आली की ती खाली आपटायची. लहान आवाज म्हणजे टिंब, लांब आवाज म्हणजे रेघ. मला नुसती कडकट्ट ऐकू यायची; ते त्यातून अक्षरं उचलायचे, आणि अक्षरांपेक्षाही जास्त काही. एकदा मी समोर उभी असताना ते म्हणाले, "आज यांना ताप आहे."

"कुणाला?"

"समोरच्यांना." समोरचे म्हणजे पन्नास-साठ मैलांवरच्या एका गावचे तारमास्तर. मी हसले. त्यांनी संदेश पाठवायची कळ हातात घेतली, काहीतरी वाजवलं, उत्तर आलं ते उतरवून माझ्यापुढे सरकवलं: 'कालपासून. कसे कळले?'

प्रत्येकाचा हात वेगळा असतो, ते सांगायचे. कुणी रेघ ओढत नेतो, कुणी टिंबावर टिंब चढवतो. त्या माणसाबरोबर ते अकरा वर्षं बोलत होते. चेहरा एकदाही पाहिला नव्हता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं, हे सगळं यांना बोटांवरून कळलेलं होतं. रोज सकाळी कामाआधी त्या बाजूनं तीन हलके ठोके यायचे. राम राम नाही, नमस्कार नाही, तीन ठोके. इकडून तीन जायचे.

मग धुळ्याला कर्मचाऱ्यांचं अधिवेशन भरलं आणि दोघं पहिल्यांदा भेटले. गळाभेट झाली. चहा आला. समोरच्यानं गाव विचारलं. पारोळा तालुक्यातलं अमुक, यांनी सांगितलं. "गावात कुठे?" त्यानं विचारलं. हा 'कुठे' काय असतो ते मी तुम्हाला समजावून सांगणार नाही. तुम्ही याच महाराष्ट्रात राहता.

"गावाबाहेर. बौद्धवाड्यात," यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तीन ठोके आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत.

"अक्षरं येतात," ते मला म्हणाले. "माणूस येत नाही."

"मास्तर, तक्रार करा! लेखी करा! मी लिहून देते."

"काय लिहाल? अक्षरं तर तो बरोबर पाठवतो."

माझी मूठ टेबलावर आपटली. खिडकीच्या रांगेतल्या लोकांनी वर पाहिलं. त्यांनी माझी मूठ हलकेच बाजूला केली, कारण तिच्याखाली कुणाचीतरी तार होती. आणि मग, जणू त्याच बोलण्याचा पुढचा भाग असावा तसं, म्हणाले, "म्हणून मला वाटतं, पहिली गाठ लांबूनच पडावी. तारेवर."

"कुणाशी?"

त्यांनी पेन्सिलीनं छताकडे खूण केली. "त्यांच्याशी."

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलगी. "उडत्या तबकड्या, मास्तर? तुम्हीसुद्धा?"

"तबकड्या कोण म्हणालं? मी तार म्हणालो," ते म्हणाले.

रद्दीच्या दुकानातून ते विज्ञानाची जुनी मासिकं आणायचे. कुठेकुठे मोठाल्या थाळ्या आकाशाकडे तोंड करून ठेवल्यात आणि शास्त्रज्ञ आवाज ऐकत बसलेत, हे त्यांनी त्यात वाचलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं हे सरळसरळ तारघराचं काम होतं. फक्त तार लांबची. आपल्या हयातीत तिकडून काहीतरी येणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"कशावरून?" मी विचारायची.

"माझ्या आजोबांना चावडीची पायरी चढता आली नाही. मी चावडीची तार घेतो. दोन पिढ्यांत एवढं अंतर कापलं गेलं. त्यापुढे आकाश किती लांब आहे?"

मेहरूणच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी तिथे जायला लागले. त्यांच्या पत्नीला मी अक्का म्हणायची. अक्कांचा त्या परग्रहवाल्यांवर मुळीच विश्वास नव्हता, पण त्यांची सोय काय करायची याचा विचार त्यांनी करून ठेवला होता.

"त्या उतरतीन तं कोठे उतरतीन? मोकया जागावर. गावमा मोकयी जागा शे का? नही. म्हंजे गावबाहेर. गावबाहेर कोन ऱ्हास? आपन!" अक्का कळण्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा ठेवत म्हणाल्या. "पहिला च्या आपलाच घर. पाटीलले नंतर."

पहिला चहा आपल्या घरी, पाटलाकडे नंतर, हे ऐकून मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. घरी जाताना मात्र मला हसू येईना. विश्वातला पहिला पाहुणा कुणाच्या दारात उतरेल हेसुद्धा या देशात गावाच्या नकाशावरून सांगता येतं.

मास्तरांचं एक स्वतःचं म्हणणं होतं. ते कुठल्या मासिकात नव्हतं. शास्त्रज्ञ म्हणे आकाशात अचूक, नेमके, पुन्हापुन्हा येणारे आवाज शोधतात, आकडे शोधतात. मास्तरांना हे पटत नव्हतं. "नेमकं तर यंत्रही वाजतं. पावसात वीज पडली तरी तारेवर टिंबं येतात. माणूस कधी ओळखू येतो सांगू? तो चुकतो तेव्हा. तारमास्तर चुकला की आठ टिंबं देतो. म्हणजे 'चुकलो, पुन्हा पाठवतो'. मग बरोबर अक्षर देतो. विजेला आपण चुकलो हे कळत नाही. ज्याला कळतं आणि जो सुधारतो, तिथे कुणीतरी बसलंय. त्यांनी अचूक आवाज शोधू नये, दुरुस्ती शोधावी."

मी त्या वेळी निषेधाचा फॉर्म भरत होते. अर्धवट ऐकलं. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आता त्या व्याख्यानाकडे येते.

शहरात एक जुनी, प्रतिष्ठित व्याख्यानमाला होती. कोणती ते विचारू नका. त्या वर्षी पुण्याहून एक विद्वान येणार होते आणि विषय होता 'परग्रहावरील बुद्धिमान सृष्टी : आपल्या हयातीत?' मास्तरांनी तो फलक वाचला त्या दिवशी त्यांनी माझा निषेध न वाचताच पाठवला. महिनाभर आधी त्यांनी रजा टाकली. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटणार होता, जो त्यांचं म्हणणं बरोबर की चूक हे सांगू शकेल. त्यांना एवढंच हवं होतं. शाबासकी नको होती, हार नको होता. बरोबर की चूक, एवढंच.

"चिठ्ठी द्यावी लागते," मी त्यांना सांगितलं. "छोटी लिहा. लांब चिठ्ठ्या वाचत नाहीत."

ही तिथली पद्धत होती. श्रोत्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव लिहायचं नाही, स्वयंसेवकानं चिठ्ठ्या गोळा करून निवडायच्या. गंभीर चिठ्ठ्यांचा एक ढीग, विनोदी चिठ्ठ्यांचा दुसरा. गंभीर पाच घ्यायच्या आणि शेवटी विनोदी तीन, लोक हसत घरी जावेत म्हणून. मुलींना स्वागतगीत आणि गुलाबपाणी ही कामं असायची. मी भांडून चिठ्ठ्यांचं टेबल मिळवलं होतं. 'मुलींना डोकं असतं' असं एक छोटं भाषणही मी त्यासाठी केलं होतं.

त्या संध्याकाळी दोन फुलपात्रं भरून चिठ्ठ्या आल्या. 'तिकडे नळाला रोज पाणी येते का?' 'परग्रहावर सासू असते काय?' मी भराभर वाचत होते, भराभर टाकत होते. एक आली: 'समोरून चूक, लगेच दुरुस्ती. असा संदेश शोधता काय? कळवा.'

'कळवा' वाचून मला हसू आलं. मी ती विनोदी ढिगावर टाकली.

ते अक्षर मी दीड वर्ष पाहत होते. माझ्या प्रत्येक फॉर्मवर, खोडलेल्या विशेषणांच्या डोक्यावर, तेच उभट, पेन्सिलीचं अक्षर असायचं. साठ मैलांवरच्या माणसाचा ताप त्यांना बोटांवरून ओळखू येत होता. मला त्यांचं अक्षर हातभर अंतरावरून ओळखता आलं नाही. आणि मीच त्यांना छोटं लिहा म्हटलं होतं.

अध्यक्ष म्हणजे शहरातले एक बडे वकील. त्यांनी ती चिठ्ठी नाटकी सुरात वाचली. 'कळवा'वर थांबून सभागृहाकडे पाहिलं. हशा पिकला. पाहुणे माइककडे वाकले आणि म्हणाले, "चुका शोधायला आकाशात कशाला जायचं? आमच्या सौभाग्यवतींकडे माझ्या चुकांची यादी तयार असते!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायकासुद्धा हसल्या. त्या टाळ्यांतच सातव्या-आठव्या रांगेत एक माणूस उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. हातात पेन्सिल, उभी. त्या सभागृहात त्या पेन्सिलीचा अर्थ माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "उत्तर राहिलं."

"वेळ संपलीय. बसून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

ते बसले नाहीत. ओरडले नाहीत, पुढे आले नाहीत, नुसते उभे राहिले. आभारप्रदर्शन सुरू झालं. हारवाल्याचे आभार, माइकवाल्याचे आभार, सतरंज्या देणाऱ्यांचे आभार. ते उभेच. मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ, दिसत नाही आम्हाला, बसा ना!" ते उभेच. मी टेबलाशी बसले होते. मला उठता आलं असतं. 'ही चिठ्ठी माझ्या चुकीनं या ढिगात गेली' एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? निषेधाच्या पन्नास तारा पाठवणारी मी, खुर्चीला चिकटून बसले.

मग राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं सभागृह उभं राहिलं, आणि त्यांचं उभं राहणं दिसेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खिडकीवर, म्हणजे खिडकी एकवर, गेले आणि सरळ सांगितलं. "मास्तर, ती चिठ्ठी मी टाकली होती. विनोदीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला वाटत असेल ते म्हणाले असतील, जाऊ द्या ताई, होतं असं. गरिबांच्या, दलितांच्या तोंडी अशी क्षमेची वाक्यं घालायची आपल्या साहित्याला फार सवय आहे. ते असं काही म्हणाले नाहीत.

"खिडकी दोनवर जा," ते म्हणाले.

पाच महिने मी खिडकी दोनवर गेले. तिथले भाऊ भले गृहस्थ होते. त्यांनी माझं एकही विशेषण काढलं नाही. 'अत्यंत तीव्र जळजळीत निषेध' असं लिहून दिलं तरी त्यांनी शब्द मोजले आणि ठप्पकन शिक्का मारला. इतका अपमान माझा कुणी केला नाही.

सहाव्या महिन्यात एका मोठ्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत त्या विद्वानांचा लेख आला. मथळा होता 'चुकणारे विश्व'. बुद्धीची खूण अचूकतेत नसून दुरुस्तीत असावी, ही कल्पना त्यांनी अर्धं पान फुलवली होती. सुरेख लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू? सुरुवातीलाच एक वाक्य होतं: 'खान्देशातल्या एका व्याख्यानात कुणा श्रोत्याने गमतीने विचारलेल्या प्रश्नावरून मला हे सुचले.'

कुणा श्रोत्याने. गमतीने.

मी रांग मोडून खिडकी एकवर गेले आणि कात्रण आत ढकललं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कानाच्या पाळ्या लाल झालेल्या पाहिल्या.

"म्हणजे प्रश्न बरोबर होता," ते म्हणाले. आणि मग, "गमतीनं?"

"मास्तर, चोरी आहे ही!"

"चोरी नाही. चोर निदान वस्तू खरी समजून नेतो." त्यांनी एक कोरा फॉर्म ओढला, भरला, उठले, बाहेर येऊन खिडकी दोनच्या रांगेत गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. "स्वतःची तार स्वतः लावायची नसते," मला म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःसाठी पाठवलेली ती पहिली तार. संपादकांना. 'रविवारच्या लेखातील प्रश्न माझा. गमतीने नव्हता. खुलासा छापा.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, गाव.

आम्ही चार रविवार पुरवणी पाहिली. तिसऱ्या रविवारी खुलासा आला. आदल्या आठवड्यातल्या लाडवांच्या कृतीत गूळ छापायचा राहिला होता, त्याबद्दल दिलगिरी होती.

"मी पत्रक काढते," मी म्हटलं. "दोन हजार प्रती. त्या विद्वानाचं, त्या वकिलाचं, सगळ्यांचं नाव घेऊन."

"त्यात तुमचंही नाव घाला," मास्तर म्हणाले.

मी पेनाला टोपण लावलं.

"पत्रक नको, ताई. व्याख्यान करू. आमच्या गावी. स्वयंसेवक लागतील." ते थोडे थांबले. "चिठ्ठ्या नकोत."

पारोळ्याच्या एका मंडपवाल्या चाचांनी भोंगा दिला आणि तो लावून द्यायला ते स्वतः सायकलवर आले. रविवारची सकाळ होती. विहारापुढच्या अंगणात पन्नास-साठ माणसं बसली होती. बहुतेक मजुरीवर जाणारी. मास्तर अहिराणीत बोलले. थाळ्या, तारा, तारे, टिंबं. मी आजवर विज्ञानावरची बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं स्वच्छ भाषण ऐकलेलं नाही. मग ते म्हणाले, आता विचारा, आणि अंगणात एकच गलका झाला.

"त्यासनाकडे जात व्हई का?"

"तार उनी म्हंजे पहिलं हेच इचारसू."

"दारू व्हई का, दारू?"

"तुलेच धाडसू, तूच देखी ये!"

एकही प्रश्न त्यांनी सोडला नाही. दारूवाल्यालासुद्धा, हसू ओसरल्यावर, साखर आंबण्यासाठी काय काय लागतं ते समजावून सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. अक्कांनी दोनदा खुणावलं. शेवटी त्यांनीच लोकांना विचारलं: तिकडून आवाज आला, तर तो नुसता आवाज आहे की तिथे कुणी बसलंय, हे आपण कसं ओळखायचं? स्वतःचं उत्तर त्यांनी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी राखून ठेवलं होतं.

मागून एक म्हातारी पुढे सरकली. अर्ध्या वस्तीची बाळंतपणं तिनं केली होती.

"पोर रडस," ती म्हणाली. "रडता रडता थांबी जास. कोनी ई ऱ्हायनं का, ते आयकस. मंग परत रडस. जे नुसतं रडतच ऱ्हास, ते दुखनं शे. जे थांबीसन आयकस, ते मानूस शे."

बाळ रडता रडता थांबतं. कुणी येतंय का ते ऐकतं. मग पुन्हा रडतं. मास्तरांचं उत्तर तोंडातच राहिलं. मग त्यांनी खिशातून कागद काढला, अंगणात तिच्यापुढे उकिडवे बसले आणि विचारलं, "माय, पूर्ण नाव सांगा."

"मन्हं नाव काबरं? सरकारी काम शे का?"

"कल्पना तुमनी शे. नाव तुमनंच लागी."

तिनं पदर तोंडावर घेतला. नवऱ्याचं नाव घ्यायला ती लाजली, बाकीच्या बायकांनी ढोसलं, मग पुटपुटली. चिंधाबाई दगा बिऱ्हाडे. त्यांनी एकेक अक्षर लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं बोट ठेवून कुठे काय लिहिलंय ते विचारून घेतलं.

ते पत्र त्या विद्वानांना रजिस्टर्ड पोस्टानं गेलं. सगळ्यात वर चिंधाबाईचं नाव, मग तिचं म्हणणं जसंच्या तसं अहिराणीत, खाली मराठीत. शेवटी एक ओळ: 'आवाजात थांबून ऐकण्याची जागा शोधता काय? हा प्रश्न गमतीचा नाही.' पोच आली. सही दुसऱ्याच कुणाची होती. उत्तर आलं नाही.

त्याच वर्षी तारघरात टेलिप्रिंटर आले आणि ती पितळी दांडी काढून नेली. मास्तरांना फॉर्म तपासायला बसवलं. दिवाळीनंतर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या छातीत दुखलं आणि संध्याकाळच्या आत सगळं संपलं. निवृत्तीला आठ महिने होते. कार्यालयात शोकसभा झाली. दोन मिनिटांची शांतता पन्नास सेकंदांत आटोपली. मी घड्याळ लावून मोजली. ज्यांनी गप्प कसं राहायचं ते सबंध शहराला शिकवलं, त्यांच्यासाठी एवढंही गप्प राहता आलं नाही. मी तिथे हे मोठ्यानं म्हटलं. मला बाहेर जायला सांगण्यात आलं.

पुढे एकदा मी त्यांच्या गावी गेले. मास्तर गेले हे चिंधाबाईला कळलेलंच होतं. मला पत्राचं सांगायचं होतं, आणि कसं सांगावं ते सुचत नव्हतं. ती दारात सुपात ज्वारी घेऊन बसली होती.

"त्या कागदनं उत्तर उनं का?" तिनंच विचारलं.

"नाही आलं, आजी."

"किती दिन झायात?"

"दोन वर्षं."

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मंग परत लिख," ती म्हणाली.

रस्त्यावर पारोळ्याची एसटी येऊन थांबली. कंडक्टरनं माझ्याकडे पाहून दोनदा घंटी दिली. मी हातानं जा म्हटलं, तिच्या ओट्यावर टेकले आणि कागद काढला.